प्रामुद्यांच्या मागे, जकार्ता ते बुरू

रविवार, जकार्ता

कारेत बिवाकचं कब्रस्तान जकार्ताच्या ऐन मध्यात आहे. चहूबाजूंनी काचेच्या उंच इमारती, आणि फाटकाशी फुलांच्या पाकळ्या व गुलाबपाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेल्या बायका. माझी मैत्रीण बरीच वर्षं जकार्तात राहते, तिथली भाषा सफाईने बोलते, म्हणून हा प्रवास जमला. तिने चैरिल अन्वर यांची कबर विचारली तेव्हा बायकांनी नुसत्या बोटाने दिशा दाखवली. कादंबरीकार प्रामुद्या अनंता तूर यांचं नाव घेतल्यावर एकीने दुसरीला विचारलं, दुसरीने झाडलोट करणाऱ्या माणसाला हाक मारली, आणि तो आम्हाला कबरींमधल्या अरुंद वाटेने घेऊन गेला.

दोघे एकाच पिढीचे. चैरिल कवी, १९४९ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेले, आणि त्यांच्या कविता तिथली मुलं शाळेत म्हणतात. प्रामुद्या ६ फेब्रुवारी १९२५ ला जन्मले, ३० एप्रिल २००६ ला गेले. या काळात त्यांना तीन वेगवेगळ्या राजवटींनी कोंडलं: १९४७ ते ४९ डचांनी, १९६० मध्ये सुकार्नोंच्या काळात लष्कराने, आणि १९६५ ते ७९ सुहार्तोंच्या सरकारने, त्यातला मोठा काळ बुरू या दूरच्या बेटावर. शेवटच्या चौदा वर्षांत खटला एकदाही चालला नाही. इंडोनेशियाबाहेर वाचला जाणारा इंडोनेशियन कादंबरीकार म्हटला की पहिलं नाव त्यांचं येतं, नोबेलच्या चर्चेतही ते वर्षानुवर्षं असायचं. त्यांना शेवटचा निरोप देताना इथे लोकांनी ‘इंटरनॅशनल’ हे डाव्यांचं गाणं गायलं होतं, ज्या गाण्यासाठी काही वर्षांपूर्वी तुरुंगात जावं लागलं असतं.

दुपारी तामान इस्माईल मार्झुकी या कलासंकुलात गेलो. एच. बी. यासिन या समीक्षकांनी आयुष्यभर जमवलेली हस्तलिखितं, पत्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं इथे जपली आहेत. प्रामुद्यांबद्दलचा सगळ्यात अवघड प्रश्न मला याच जागी नीट समजून घ्यायचा होता.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रामुद्या ‘लेक्रा’ या डाव्या सांस्कृतिक संघटनेचं मोठं नाव होते. ‘बिंतांग तिमुर’ या दैनिकाची ‘लेन्तेरा’ ही साहित्य पुरवणी ते चालवत, आणि तिच्यातून विरोधी लेखकांवर तुटून पडत. १९६३ मध्ये काही लेखकांनी ‘मानिफेस केबुदायाआन’ हा जाहीरनामा काढला. साहित्य राजकारणाच्या दावणीला बांधू नये, हा त्याचा सूर. त्यावर यासिन यांचीही सही होती. १९६४ च्या मेमध्ये सुकार्नोंनी जाहीरनाम्यावर बंदी घातली, सही करणाऱ्यांची प्रकाशनाची दारं बंद झाली, यासिनना विद्यापीठातली नोकरी गमवावी लागली. ‘लेन्तेरा’तल्या हल्ल्यांनी ही हवा तापवली होती. पुढच्याच वर्षी वारं फिरलं, लाखो डाव्यांची कत्तल झाली आणि प्रामुद्या स्वतः पकडले गेले. आधीच्या पर्वाबद्दल त्यांनी कधी माफी मागितली नाही. ती लेखणीने लेखणीशी केलेली लढाई होती, आपण कोणाला तुरुंगात घातलं नाही, असं ते म्हणत राहिले.

मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. सत्ता पाठीशी असताना केलेला वाद आणि बरोबरीच्या दोन माणसांतला वाद सारखा नसतो, आणि हे त्यांच्याइतकं कोणाला कळायला हवं होतं? पण म्हणून चौदा वर्षांच्या कैदेचा हिशेब फिटतो, असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. १९९५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा पत्रकार-लेखक मोख्तार लुबिस यांनी स्वतःला १९५८ मध्ये मिळालेला तोच पुरस्कार निषेध म्हणून परत केला. लुबिस स्वतः सुकार्नोंच्या काळात अनेक वर्षं कैदेत होते, त्यांच्या रागाला कारण होतं. मात्र जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीच गुनावान मोहमद यांनी प्रामुद्यांच्या लिहिण्याच्या हक्काची बाजू घेतली. दोन्ही बाजूंचे कागद इथे एका छताखाली आहेत, याचं मला फार बरं वाटलं.

सोमवार, आगगाडीत

गांबिर स्थानकातून पूर्वेला निघालो. रूळ जावाच्या उत्तर किनाऱ्याजवळून जातात. भातखाचरं, मिठागरं, आणि मध्येच अगदी डब्याला खेटून समुद्र.

गाडीत ‘बुकान पासार मालाम’ पुन्हा वाचली. १९५१ ची, शंभर पानांच्या आतबाहेरची कादंबरी. क्रांतीत लढून, डचांच्या तुरुंगातून सुटून आलेला मुलगा बायकोला घेऊन जकार्ताहून ब्लोऱ्याला निघतो, कारण शाळामास्तर असलेला बाप क्षयाने अंथरुणाला खिळला आहे. गाडी एकेक स्थानक मागे टाकते आणि मुलाला त्या त्या जागेची लढाई आठवते. घरी पोचल्यावर दिसतं ते गळकं छप्पर, औषधाला नसलेले पैसे, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर खुर्च्या पकडून बसलेल्यांनी विसरून टाकलेला बाप. माणसं रात्रीच्या जत्रेसारखी घोळक्याने येत-जात नाहीत, एकेकटी येतात आणि एकेकटी जातात, हा तिचा गाभा. पुढे जो ‘कैदी लेखक’ म्हणून जगाला माहीत झाला, त्याला ती कैद भोगायच्या आधीच किती लिहिता येत होतं, हे या पुस्तकात दिसतं. आक्रोश नाही, भाषण नाही.

कादंबरीतला मुलगा सेमारांगला मुक्काम करून रेम्बांगमार्गे जातो. ब्लोऱ्याची ती रेल्वे आता बंद आहे, म्हणून आम्ही चेपूला उतरलो. चेपू तेलाचं गाव, डचांच्या काळापासून इथे विहिरी आहेत. स्थानकाबाहेर कोपी कोथोक प्यायलो, पूड आणि साखर एकत्र उकळून केलेली दाट कॉफी. मग सागाच्या जंगलातून मोटारीने ब्लोरा.

मंगळवार, ब्लोरा

सकाळी बाजारात सागाच्या पानावर पेचेल खाल्लं, शेंगदाण्याची चटणी घातलेल्या उकडलेल्या भाज्या. इथे साग सगळीकडे आहे. डचांनी तो कापून नेला, जंगलावर सरकारी हक्क बसवला, आणि त्या हक्काविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्याच सामिन सुरोसेन्तिको नावाच्या शेतकऱ्याने एक विलक्षण चळवळ उभी केली. कर भरायचा नाही, फुकट राबायचं नाही, पण हातही उगारायचा नाही. १९०७ मध्ये डचांनी त्याला पकडून सुमात्रात हद्दपार केलं. प्रामुद्या या मातीतले. आणि ज्या माणसावरून त्यांनी ‘बुमी मनुसिया’पासून सुरू होणाऱ्या चार कादंबऱ्यांच्या चौकडीतला मिंके हा नायक घडवला, ते पत्रकार तिर्तो अधी सूर्यो, त्यांचाही जन्म ब्लोऱ्याचाच, १८८० चा.

प्रामुद्यांच्या वडिलांचं घर जालान सुम्बावा या रस्त्यावर आहे. वडील मास्तूर, राष्ट्रीय वृत्तीच्या बुदी उतोमो शाळेचे मुख्याध्यापक. आई सैदा मुलांच्या लहानपणीच खचत गेली आणि प्रामुद्या सतरा वर्षांचे असताना वारली. नऊ भावंडांत हे थोरले. प्रामुद्या गेल्यावर त्यांचे धाकटे भाऊ सुसिलो तूर यांनी या घरात ‘पाताबा’ हे ग्रंथालय सुरू केलं. सुसिलो सोव्हिएत संघात उच्च शिक्षण घेऊन मायदेशी परतले आणि त्यांनाही तुरुंगात टाकलं गेलं. रशियन साहित्याचे अनुवादक असलेले दुसरे भाऊ कुसालाह, तेही कैदेत राहून आले. एका मास्तराच्या घरातून तीन मुलगे आत गेले.

आम्ही पोचलो तेव्हा कॉलेजची काही मुलं जमिनीवर बसून वाचत होती. त्यातली एक मुलगी सोलोहून आली होती. तिने ‘बुमी मनुसिया’ आधी पाहिली ती सिनेमाच्या रूपात, २०१९ च्या, मग पुस्तक घेतलं. तिच्या आजीने घरात ते पुस्तक बघून पहिल्यांदा दार लावून घेतलं, असं ती म्हणाली. आजीचं चुकलं नव्हतं. १९८८ च्या सुमाराला योग्याकार्तात प्रामुद्यांची बंदी असलेली पुस्तकं बाळगल्याबद्दल आणि वाटल्याबद्दल तरुणांना पकडून सात-आठ वर्षांच्या शिक्षा दिल्या गेल्या. तरीही झेरॉक्स प्रती फिरत राहिल्या. बंदीच्या काळात या लेखकाला त्याच्या देशात कोणी जिवंत ठेवलं, तर या प्रती काढणाऱ्यांनी.

शंभराव्या जयंतीला, २०२५ मध्ये, गावात मोठा कार्यक्रम झाला. त्या वेळी एका रस्त्याला प्रामुद्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं, पण विरोध झाला आणि ते राहून गेलं. याचं मला मनापासून वाईट वाटलं. ब्लोऱ्याचं नाव जगातल्या ग्रंथालयांत पोचलं ते याच माणसाच्या ‘चेरिता दारी ब्लोरा’ या कथासंग्रहामुळे.

बुधवार, रेम्बांग

उत्तरेला तासाभरावर समुद्र. रेम्बांग हे प्रामुद्यांचं आजोळ, आणि ‘गादिस पांताई’ या कादंबरीची जागा. कोळ्याची चौदा वर्षांची मुलगी, तिचं लग्न शहरातल्या बड्या अंमलदाराशी लागतं, तेही नवऱ्याच्या जागी ठेवलेल्या कट्यारीशी. तो बरोबरीच्या घराण्यातली बायको करीपर्यंत ही ‘सरावाची’ बायको. मूल झाल्यावर तिला हाकलून देतात, मूल ठेवून घेतात. ही प्रामुद्यांच्या आजीची, आईच्या आईची गोष्ट. हे तीन खंडांतलं कुटुंबाचं चरित्र व्हायचं होतं. १९६५ च्या ऑक्टोबरात जमावाने आणि सैनिकांनी जकार्तातलं त्यांचं घर लुटलं, ग्रंथसंग्रह आणि हस्तलिखितं नष्ट केली, त्यात पुढचे दोन खंड गेले. पहिला वाचला तो वर्तमानपत्रात क्रमशः छापून आला होता म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात त्याची प्रत होती, तिच्यावरून १९८७ मध्ये पुस्तक निघालं आणि तेही बंदीत गेलं.

संध्याकाळी कोळ्यांच्या होड्या लागतात तिथे गेलो. लाल-हिरव्या रंगवलेल्या होड्या, वाळत घातलेली मासळी, जाळी दुरुस्त करणाऱ्या बायका. कादंबरीच्या शेवटी ती मुलगी माहेरच्या कोळीवाड्याकडे निघते आणि वाटेतूनच मागे फिरते, कारण आता ती तिथलीही उरलेली नसते. बाई मालमत्ता होते ती कशी, हे प्रामुद्यांनी या आजीपासून शिकून घेतलं, आणि पुढे ‘बुमी मनुसिया’तली न्याई ओन्तोसोरोह त्याशिवाय जन्मली नसती.

जुन्या अंमलदाराच्या वाड्यात कार्तिनींचं संग्रहालय आहे. इंडोनेशियाच्या स्त्रीशिक्षणाच्या या अग्रणी १९०४ मध्ये पंचविसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी इथेच गेल्या. प्रामुद्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, त्याचेही उरलेले खंड १९६५ च्या त्याच दिवसांत गेले.

गुरुवार, सुराबायाकडे

लासेमवरून तुबानमार्गे दिवसभर किनाऱ्याचा रस्ता. डेंडल्स या गव्हर्नर-जनरलने १८०८ मध्ये हुकूम सोडून हजार किलोमीटरचा पोस्टाचा रस्ता करवून घेतला, तोच हा. वेठबिगारीत हजारो माणसं मेली. प्रामुद्यांनी या रस्त्यावरही पुस्तक लिहिलं. उन्हात ट्रकच्या मागे रेंगाळताना दुसरं काही सुचत नव्हतं.

शुक्रवार, सुराबाया आणि तुलांगान

‘बुमी मनुसिया’ इथे घडते, १८९८ मध्ये, विल्हेल्मिना डचांची राणी होते त्या वर्षी. मिंके हा डच शाळेतला देशी विद्यार्थी. न्याई ओन्तोसोरोहचा वाडा वोनोक्रोमोत, तिथे आज मॉल, रेल्वेस्थानक आणि वाहनांचा लोंढा. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो आणि दक्षिणेला तुलांगानला गेलो, कारण न्याईचं माहेर तिथलं. साखर कारखान्यातला कारकून असलेला बाप बढतीसाठी तिला गोऱ्या व्यवस्थापकाला विकतो. ती लेखा शिकते, डच शिकते, गोठे आणि शेती चालवते, आणि शेवटी डच न्यायालय तिला सांगतं की पोटच्या मुलीवरही तुझा कायद्याने हक्क नाही. कारखान्याच्या जुन्या भिंती आणि उसाचे फड अजून आहेत. चौकडीच्या दुसऱ्या भागात मिंके याच फडांत शेतकऱ्यांना भेटतो आणि डच सोडून मलय भाषेत लिहायचं ठरवतो.

इथे मला माझं म्हणणं सांगायचं आहे. जगभर ‘बुमी मनुसिया’ वाचली जाते आणि बहुतेक वाचक तिथेच थांबतात. प्रेमकथा आहे, अन्याय आहे, थोर बाई आहे. पण प्रामुद्यांची जागा ठरते ती चौथ्या खंडाने, ‘रुमाह काचा’ने, म्हणजे काचघराने. पहिले तीन खंड मिंके स्वतः सांगतो. चौथ्यात निवेदक एकाएकी बदलतो. आता बोलतो पांगेमानान, डचांच्या नोकरीतला देशी पोलीस अधिकारी, ज्याचं काम मिंकेवर पाळत ठेवणं, त्याची माणसं फोडणं, त्याचा छापखाना संपवणं. मिंकेचा तो मनातून भक्त आहे, आणि रोज कचेरीत जाऊन त्याचा नाश करतो. हळूहळू लक्षात येतं की आपण वाचलेले आधीचे तीन खंड म्हणजे मिंकेची हस्तलिखितं, आणि ती या पोलिसाने जप्त करून कपाटात ठेवलेली आहेत. इतकी सगळी पानं आपण एका फायलीतूनच वाचत आलो होतो. ज्याची हस्तलिखितं खरोखरच सरकारने नेली, त्या लेखकाने ही रचना तुरुंगात बसून केली, आणि निवेदन दिलं ते पकडणाऱ्याच्या तोंडी. तेही त्याला राक्षस न करता. साम्राज्य दफ्तरातून, नोंदींतून, मध्यमवर्गीय नोकराच्या भित्र्या सदसद्विवेकातून कसं चालतं, हे इतक्या आतून सांगणारी दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही. बेनेडिक्ट अँडरसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रामुद्यांचं मोल फार आधी ओळखलं होतं. सर्वसाधारण वाचक मात्र अजून पहिल्या खंडाशी आहे.

पहिले दोन खंड निघाले १९८० मध्ये, ‘हास्ता मित्रा’तर्फे. यूसुफ इसाक, हासिम रहमान आणि प्रामुद्या, तिघेही सुटलेले कैदी, त्यांनी मिळून काढलेली ही संस्था. आवृत्त्यांवर आवृत्त्या संपल्या. २९ मे १९८१ ला मार्क्सवादाचा प्रचार करतात म्हणून दोन्हींवर बंदी आली. मॅक्स लेन यांनी ऑस्ट्रेलियाच्या वकिलातीत नोकरीला असताना इंग्रजी अनुवाद केला आणि त्यापायी त्यांना परत बोलावलं गेलं. मी प्रामुद्यांपर्यंत पोचले ती त्यांच्याच अनुवादातून.

शनिवार, अंबोन

विमानाने अंबोन. कादंबरीतला मिंके इथे हद्दपार होतो. खरे तिर्तोही मालुकूतल्या बाचान बेटावर पाठवले गेले होते, परतले ते मोडून, आणि १९१८ मध्ये जवळजवळ अनोळखी असे वारले. २००६ मध्ये, प्रामुद्या गेले त्याच वर्षी, सरकारने तिर्तोंना राष्ट्रीय वीर घोषित केलं. लोकांच्या विस्मरणातून त्यांना वर काढण्याचं काम प्रामुद्यांनी केलं होतं. रात्रीची फेरी धरली.

रविवार आणि सोमवार, बुरू

पहाटे नामलेआ. डोंगरांवर कायुपुतीची झाडं, त्यांच्या पानांचं तेल इथे गाळतात आणि सर्दी-पोटदुखीवर सगळा देश ते वापरतो. मोटारीने आत वाएआपोच्या मैदानात गेलो. नजर पोचेल तिथवर भातशेती आणि सरळ रेषेत कालवे. १९६९ च्या ऑगस्टात कैद्यांची पहिली बोट आली तेव्हा इथे उंच गवत आणि साबुदाण्याच्या माडांची दलदल होती. पुढच्या दहा वर्षांत सुमारे १२,००० माणसं इथे आणली गेली, ज्यांच्याविरुद्ध खटला चालवण्याइतका पुरावा सरकारजवळ नव्हता अशी. शिक्षक, शेतकरी, वकील, नट. ही शेतं आणि रस्ते त्यांनी केले. शेकडो मेले. प्रामुद्यांच्या ‘न्यान्यी सुन्यी सओरांग बिसू’ या आठवणींच्या पुस्तकात मेलेल्यांची यादीच आहे, नाव, वय आणि मरणाच्या कारणासकट.

पहिली काही वर्षं त्यांना कागद मिळाला नाही. सोबत्यांचं मन खचू नये म्हणून ते संध्याकाळी न्याईची गोष्ट तोंडी सांगत, ऐकणारे ती पुढच्या बराकीत नेत. १९७३ मध्ये लिहायची परवानगी मिळाली. सावानाजायात आम्हाला एक वृद्ध गृहस्थ भेटले, सुटकेनंतर इथेच राहिलेले. मैत्रिणीने त्यांना आदराने ‘पाक’ म्हणून हाक मारली, त्यांनी अंगणात बसायला खुर्च्या दिल्या. प्रामुद्यांची आठवण विचारल्यावर ते बराच वेळ दुसऱ्याच लोकांबद्दल बोलले. कोण छान पेटी वाजवायचा, कोण पुरात वाहून गेला. मग म्हणाले, “पाक प्राम लिहायचे, तेव्हा त्यांच्या वाटणीचं काम दुसरं कोणीतरी करायचं. कोणी कोंबड्या बघायचं, कोणी कागद लपवायचं. हे लिहा.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हक्क होता. हस्तलिखितांच्या नकला झाल्या, काही चर्चच्या माणसांमार्फत बेटाबाहेर गेल्या, म्हणून पुस्तकं वाचली. मूळ कागद सुटकेच्या वेळी काढून घेतले गेले.

दुसऱ्या दिवशी माकोला गेलो, जिथे कैदी छावणीचं मुख्यालय होतं. आता साधं गाव आहे, शाळा, दुकानं, दुचाकी. माझ्या डोक्यात मात्र प्रामुद्यांचं २००१ चं एक पुस्तक होतं, ‘पेरावान रेमाजा दालाम चेंगकेरामान मिलितेर’. महायुद्धात जपान्यांनी शिक्षणाचं आमिष दाखवून जावाच्या शाळकरी मुली नेल्या आणि लष्कराच्या वासनेसाठी वापरल्या. जपान हरल्यावर त्यांना आहे तिथे सोडून दिलं. त्यांतल्या काही बुरूच्या डोंगरातल्या गावांत राहिल्या, तिथल्या पुरुषांच्या बायका होऊन, जावाची भाषा बोलायला मनाई असलेल्या. कैद्यांना त्या योगायोगाने सापडल्या. स्वतः कैदेत असलेल्या माणसांनी जंगल तुडवून त्यांच्या कहाण्या मिळवल्या, प्रामुद्यांनी त्या लिहून ठेवल्या. सरकार बदलेपर्यंत छापता आल्या नाहीत.

प्रामुद्यांवर परदेशात इतकं लिहिलं जातं, पण या पुस्तकाचा उल्लेख त्यात फार थोडा असतो. कादंबरी नाही म्हणून असेल. आजी, न्याई आणि या मुली, तिन्हींच्या मागे एकच लेखक एकच चौकशी करत गेला आहे. ती कुठवर गेली हे कळायला हे पुस्तक वाचावं लागतं. मैत्रिणीला मूळ भाषा येते, मला मराठी वाक्य जुळवता येतं. परतीच्या फेरीवर आम्ही पहिल्या प्रकरणाचा कच्चा मराठी मसुदा करायला घेतला, आणि अंबोन येईपर्यंत त्याची चार पानं झाली.